लिलावात स्पर्धा, पडद्यावर मक्तेदारी

मार्च २००६ मध्ये युरोपीय आयोगाने इंग्लंडच्या प्रीमियर लीगकडून एक बंधनकारक हमी घेतली. फुटबॉल सामन्यांच्या थेट प्रक्षेपणाचे हक्क पुढच्या लिलावात सहा समतोल संचांत विकायचे आणि हे सहाही संच एकाच खरेदीदाराच्या हाती जाऊ द्यायचे नाहीत, अशी ती हमी होती. १९९२ मध्ये लीग सुरू झाल्यापासून बहुतेक सर्व थेट सामने बीएसकायबी (म्हणजेच स्काय) या एकाच कंपनीकडे होते आणि ही मक्तेदारी मोडली की ग्राहकाला निवड मिळेल, किमतीही वठणीवर येतील, अशी आयोगाची धारणा होती. लिलाव झाला. स्कायला चार संच मिळाले आणि उरलेले दोन सेटांटा या आयरिश कंपनीने घेतले. तीन हंगामांसाठी लीगला मिळणारी रक्कम १०२.४ कोटी पौंडांवरून १७०.६ कोटी पौंडांवर गेली. आपल्या संघाचा एकही प्रक्षेपित सामना चुकवायचा नाही असे ठरवणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्याला मात्र एकाऐवजी दोन वर्गण्या आल्या. जून २००९ मध्ये सेटांटाचा ब्रिटनमधील व्यवसाय बुडाला आणि तिचे ग्राहक नवी वर्गणी कुठे भरायची ते शोधू लागले.

मक्तेदारी कागदोपत्री मोडली होती. हक्कांच्या बाजारात दोन खरेदीदार होते, लिलाव चुरशीचा झाला होता आणि विक्रेत्याची तक्रार नव्हती. तरीही ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप झाला त्याची स्थिती ‘भीक नको पण कुत्रा आवर’ अशी झाली. हे अपयश अंमलबजावणीतल्या ढिलाईचे नव्हते. खेळाच्या प्रक्षेपणात दोन वेगवेगळे बाजार असतात, एक हक्कांचा आणि दुसरा सामना पाहण्याचा. पहिल्या बाजारातली स्पर्धा आपोआप दुसऱ्यात उतरते, हे नियामकांनी गृहीत धरले आणि घोटाळा तिथेच झाला. माझ्या मते ती तशी उतरत नाही, आणि अनन्य हक्कांची, म्हणजे प्रत्येक सामना एकाच वाहिनीला विकण्याची, पद्धत कायम ठेवून नुसते संच वाढवत गेल्यास प्रेक्षकाचे नुकसान उलट वाढते.

कारण सोपे आहे. एका साबणाची किंमत वाढली तर ग्राहक दुसरा साबण घेतो, कारण दोन्हींनी अंग सारखेच स्वच्छ होते. शनिवारचा सामना एका वाहिनीवर आणि सोमवारचा दुसरीवर असेल, तर त्या वाहिन्या एकमेकींना पर्याय ठरत नाहीत. ज्याचा संघ सोमवारी खेळणार आहे त्याला शनिवारच्या वाहिनीने कितीही सवलत दिली तरी तिचा उपयोग नाही. फार तर, कोणताही एक चांगला सामना चालेल अशा हौशी प्रेक्षकासाठी या दोन वाहिन्या काही प्रमाणात पर्यायी असतात. परंतु दर महिन्याला वर्गणी भरणारा आणि किमती वाढल्या तरी टिकून राहणारा ग्राहक बहुधा निष्ठावंत प्रेक्षकच असतो, आणि त्याच्या दृष्टीने हे दोन संच एकाच वस्तूचे दोन तुकडे आहेत.

तुकड्यांचे अर्थशास्त्र नवे नाही. फ्रेंच गणिती ओग्युस्तँ कूर्नो याने १८३८ मध्येच ते मांडले होते. पितळ करायला तांबे लागते आणि जस्तही लागते. तांब्याची सारी मालकी एकाकडे आणि जस्ताची दुसऱ्याकडे असेल, तर पितळ स्वस्त होईल की महाग? दोन मालक म्हणजे स्पर्धा, असे वरवर वाटते. कूर्नोचे उत्तर उलटे होते. तांबेवाल्याने दर उतरवला तर पितळाचा खप वाढतो, पण त्या वाढीव खपातला मोठा नफा काहीही न करता जस्तवाल्याला मिळतो. म्हणून दोघेही दर उतरवायला कचरतात आणि तांबे व जस्त एकाच मालकाकडे असते तर पितळ ज्या भावाने विकले गेले असते त्याहूनही ते महाग पडते. म्हणजे एक मक्तेदार वाईट, पण परस्परपूरक वस्तूंचे दोन मक्तेदार त्याहून वाईट. २००७ नंतरच्या ब्रिटिश फुटबॉलप्रेमीने नेमके हेच पितळ विकत घेतले, आणि स्पर्धाधोरणाचे पितळही त्याच वेळी उघडे पडले.

या मांडणीवर वाहिन्यांचे ठरलेले उत्तर असते. हक्क इतके महाग झाले आहेत की वर्गणी वाढवण्यावाचून आमच्यापुढे मार्गच नाही, असे त्या सांगतात. हे उत्तर इतक्या वेळा दिले जाते की ते खरेच असणार असे वाटू लागते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये धान्य महागले तेव्हाही जमिनीचा खंड जास्त आहे म्हणून धान्य महाग, असे म्हटले जाई. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने हे वाक्य उलटे केले. धान्याला भाव मिळतो म्हणून जमिनीला खंड मिळतो, असे त्याने दाखवून दिले. प्रक्षेपण हक्कांसाठी दिलेली ठोक रक्कम हा असाच खंड आहे. वाहिनी आधी अंदाज घेते की या सामन्यांच्या जोरावर किती ग्राहकांकडून किती वर्गणी काढता येईल, आणि त्या अंदाजातून लिलावातली बोली ठरते. हक्क महाग म्हणून वर्गणी जास्त, यापेक्षा जास्त वर्गणी काढता येते म्हणून हक्क महाग, असे म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाते.

आकडे याच दिशेने बोट दाखवतात. १९९२ मध्ये प्रीमियर लीगच्या पाच हंगामांचा सौदा ३०.४ कोटी पौंडांचा होता. बीटी ही दूरसंचार कंपनी स्कायच्या विरोधात मैदानात उतरली तेव्हा, २०१२ च्या लिलावात, तीन हंगामांची रक्कम १७७.३ कोटींवरून ३०१.८ कोटी पौंडांवर गेली आणि २०१५ मध्ये ती ५१३.६ कोटी पौंडांवर पोहोचली. त्यातले ४१७.६ कोटी एकट्या स्कायने मोजले. लिलावातली स्पर्धा इतकी तीव्र क्वचितच झाली असेल, आणि तिची फळे लीगच्या पदरात पडली. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये स्काय आणि बीटी यांनी एकमेकांच्या वाहिन्या आपापल्या ग्राहकांपर्यंत पोहोचवण्याचा समेट केला. त्यानंतर काही आठवड्यांतच झालेल्या लिलावात स्कायने आपल्या वाट्याच्या हक्कांसाठी ३५७.९ कोटी पौंड मोजले, म्हणजे आधीच्या फेरीपेक्षा सुमारे १४ टक्के कमी. खंड कमी झाला. या बचतीतला हिस्सा मागण्याची सोय मात्र कोणत्याही ग्राहकाच्या करारात नव्हती.

मग हा पैसा जातो कुठे, हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर देताना लीगच्या बाजूवर अन्याय होऊ नये. ब्रिटनच्या व्यापार-नियामकाने प्रीमियर लीगच्या सामूहिक विक्रीलाच आव्हान दिले होते आणि १९९९ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले. वीस संघांनी हक्क एकत्र विकणे सार्वजनिक हिताच्या विरोधात नाही, असे न्यायालयाने ठरवले. या निर्णयामागे तर्क आहे. देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला निम्मा भाग सर्व संघांत सारखा वाटला जातो, एक चतुर्थांश क्रमवारीनुसार आणि उरलेला किती सामने दाखवले गेले यानुसार. प्रत्येक संघाने आपापले हक्क स्वतंत्रपणे विकले असते तर मोजके श्रीमंत संघ आणि त्यांच्यासमोर हरण्यासाठी उभे राहणारे बाकीचे अशी विभागणी झाली असती, आणि सामन्यात चुरस नसेल तर पाहण्यासारखे काय उरते? सामूहिक विक्रीचे हे समर्थन मला मान्य आहे. पण ते समर्थन एकत्र विकण्याचे आहे, एकालाच विकण्याचे नाही. या दोन गोष्टी इतकी वर्षे एकाच श्वासात सांगितल्या गेल्या आहेत की दुसरी पहिलीच्या पदराआडून कधी आत आली ते कोणाच्या लक्षातच आले नाही. उत्पन्नाचे न्याय्य वाटप करण्यासाठी संघांनी एकत्र यावे लागते. तोच सामना दोन वाहिन्यांवर दिसला म्हणून त्या वाटपाला बाधा येत नाही. फार तर वाटायची रक्कम कमी होते. आणि ती कमी झाली तरी खेळ बंद पडत नाही, कारण वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग अखेर खेळाडूंच्या वेतनात आणि त्यांच्या खरेदी-विक्रीत जातो. थोडक्याच गुणवान खेळाडूंसाठी सर्व संघ चढाओढीने अधिक पैसे मोजतात, एवढेच.

वर्गणीचा दुसरा प्रश्न गठ्ठ्याचा, म्हणजे अनेक वाहिन्या एकत्र बांधून विकण्याचा आहे, आणि तो अमेरिकेत अधिक स्पष्ट दिसतो. ईएसपीएन ही क्रीडावाहिनी १९७९ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या तीन दशकांत तिने जवळपास दहा कोटी घरांत स्थान मिळवले. या घरांपैकी अनेकांना खेळात रस नव्हता, तरी केबलच्या गठ्ठ्यात ती असल्यामुळे प्रत्येक घराकडून तिचे शुल्क वसूल होत होते आणि ते केबलवरील वाहिन्यांमध्ये सर्वाधिक होते. गठ्ठ्याचे समर्थन करणारे म्हणतात की एकाला खेळ आवडतो, दुसऱ्याला बातम्या, तिसऱ्याला चित्रपट. सर्वांनी थोडे थोडे दिले की सर्वांनाच सारे मिळते. यात तथ्य आहे, आणि एकेक वाहिनी निवडण्याची मुभा मिळाली की सारे स्वस्त होईल ही समजूत भाबडी आहे. एकट्या वाहिनीचा दर इतका चढा ठेवता येतो की गठ्ठाच किफायतशीर वाटावा. पण गठ्ठ्याचे हे गणित जुळते ते ग्राहकाला गठ्ठा नाकारता येत असेल तेव्हाच. लाखो लोक खेळासाठी नाइलाजाने सारा गठ्ठा घेत असतील आणि बाकीचे लाखो लोक न पाहिलेल्या खेळाचे पैसे भरत असतील, तर त्याला आवडीनिवडींची सांगड म्हणणे धाडसाचे आहे.

अमेरिकी फुटबॉलच्या नॅशनल फुटबॉल लीगच्या ‘संडे तिकीट’ची कथा या संदर्भात मुळापासून पाहण्यासारखी आहे. आपल्या शहरातील वाहिनीवर जे सामने दिसत नाहीत ते दूरच्या चाहत्याला दाखवणारी ही वर्गणी १९९४ पासून २०२२ पर्यंत एकाच उपग्रह कंपनीकडे होती आणि नंतर यूट्यूबकडे गेली. अमेरिकी काँग्रेसने १९६१ मध्ये संघांना एकत्र येऊन प्रक्षेपण विकण्याची जी सूट दिली ती जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत प्रक्षेपणासाठी होती, वर्गणीच्या सेवेसाठी नव्हती, असा लीगविरुद्ध ग्राहकांनी केलेल्या सामूहिक दाव्याचा गाभा होता. सुनावणीत पुढे आलेल्या कागदपत्रांत एक बोलका तपशील होता. ईएसपीएनने हे पॅकेज हंगामाला ७० डॉलर इतक्या दराने आणि केवळ एकाच संघाचे सामने घेण्याच्या पर्यायासह विकण्याची तयारी दाखवली होती. तो प्रस्ताव पुढे गेला नाही. ज्याला एकाच संघाचे सामने हवे आहेत त्याला ते विकणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते आणि व्यापारीदृष्ट्या इच्छुक विक्रेताही होता. हंगामभराचा संपूर्ण आणि महागडा संचच घ्यावा लागणे ही खेळाची किंवा तंत्रज्ञानाची गरज नव्हती, ती निवड होती. जून २०२४ मध्ये ज्यूरीने सुमारे ४७० कोटी डॉलरची भरपाई ठरवली आणि ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी न्यायाधीशांनी नुकसानीच्या गणिताची तज्ज्ञ-साक्ष सदोष असल्याच्या कारणाने निकाल रद्द केला. त्या न्यायालयात लीग सुटली. ७० डॉलरचा तो प्रस्ताव मात्र सार्वजनिक नोंदीत राहिला.

त्याच ऑगस्ट महिन्यात न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने ‘व्हेनू स्पोर्ट्स’ ही सेवा सुरू होण्याआधीच थांबवली. डिस्ने, फॉक्स आणि वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या तीन कंपन्यांनी आपापल्या क्रीडावाहिन्या एकत्र आणून केवळ खेळांचा गठ्ठा ४२.९९ डॉलर मासिक दराने द्यायचे ठरवले होते. ग्राहकाला वर्षानुवर्षे हवी होती तीच वस्तू अखेर बाजारात येत असताना न्यायालयाने आडकाठी का करावी, असे कोणाला वाटेल. न्यायाधीश मार्गारेट गार्नेट यांच्या आदेशाचे मर्म समजून घेतले की शंका फिटते. याच कंपन्या इतर वितरकांना केवळ खेळांच्या वाहिन्या देत नव्हत्या. खेळ हवे असतील तर आमच्या बाकीच्या वाहिन्याही घ्या, अशी त्यांची अट होती. म्हणजे केवळ खेळांचा गठ्ठा बांधण्याची मुभा त्या फक्त स्वतःला देणार होत्या. फ्यूबो या छोट्या स्पर्धकाने ही अडवणूक न्यायालयात नेली आणि प्राथमिक मनाई मिळवली. जानेवारी २०२५ मध्ये डिस्नेने फ्यूबोतच बहुसंख्य भागभांडवल घेण्याचा करार केला, दावा मिटला आणि काही दिवसांत व्हेनूची योजनाही गुंडाळली गेली. तक्रारदारच विकत घेतला गेल्यावर तक्रार कोण करणार, हा प्रश्न मला त्या निकालापेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

खरी स्पर्धा मग दिसते कशी? तोच सामना, त्याच क्षणी, दोन स्वतंत्र विक्रेत्यांकडे असला की ती दिसते. अशी उदाहरणे विरळ आहेत, पण आहेत. भारतातील आयपीएलचे २०१८ ते २०२२ या हंगामांचे दूरचित्रवाणी आणि इंटरनेट या दोन्ही माध्यमांचे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना एकाच कंपनीकडे होते. २०२२ च्या लिलावात माध्यमे वेगळी केली गेली. पुढील पाच हंगामांसाठी भारतीय उपखंडातील दूरचित्रवाणीचे हक्क २३,५७५ कोटींना डिस्ने स्टारने घेतले आणि इंटरनेटचे हक्क व्हायकॉम१८ ने २०,५०० कोटींना. हेतू अधिक पैसा मिळवण्याचा होता आणि तो साधलाही. पण अनवधानाने म्हणा, या विभागणीने सामने वाटले नाहीत, तर तेच सामने दोन मार्गांनी दोन हातांत दिले. २०२३ च्या हंगामात व्हायकॉम१८ ने आपल्या जिओसिनेमावर ते मोफत दाखवले. त्यापाठोपाठ त्याच वर्षीचा एकदिवसीय विश्वचषक डिस्नेच्या हॉटस्टारने मोबाइलवर मोफत केला, तेव्हा त्या विश्वचषकाचा एकही सामना प्रतिस्पर्ध्याकडे नव्हता. केवळ ग्राहक टिकवण्याच्या धास्तीने तो मोफत झाला.

या उदाहरणाचे गोडवे गाण्याची घाई करू नये. मोफत सामना म्हणजे अनेकदा आवळा देऊन कोहळा काढण्याचाच प्रकार असतो. बीटीने २०१३ मध्ये आपली क्रीडावाहिनी ब्रॉडबँडच्या ग्राहकांना मोफत दिली, तेव्हाही फुटबॉल हे आमिष होते आणि कमाई दुसऱ्या खिशातून व्हायची होती. अशा मोफत सेवेचा खर्च फुटबॉल न पाहणारा इंटरनेटधारकही अखेर उचलतो. शिवाय तोट्यात चालणारी स्पर्धा फार काळ टिकत नाही. भारतातल्या या दोन प्रतिस्पर्ध्यांचे विलीनीकरण स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०२४ मध्ये काही बदलांच्या अटीवर मंजूर केले, नोव्हेंबरात ते पूर्ण झाले, फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही सेवा एक झाल्या आणि त्या वर्षीच्या आयपीएलपासून सरसकट मोफत प्रक्षेपणाचे पर्व संपले. हक्कांचा करार तोच होता, मोजलेली रक्कम तीच होती, सामनेही तेच होते. बदलली ती फक्त विक्रेत्यांची संख्या. रिकार्डोच्या बाजूने याहून स्वच्छ पुरावा मागून मिळणार नाही.

त्या दोन हंगामांत एक बाब निर्णायक होती आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. दोन्ही कंपन्यांनी हक्कांसाठी ठोक रक्कम मोजली होती. एक ग्राहक वाढला म्हणून त्यांना लीगला एक पैसाही जास्त द्यावा लागत नव्हता, आणि म्हणूनच किंमत शून्यापर्यंत उतरवता आली. लीगने जर प्रत्येक ग्राहकामागे शुल्क आकारले असते, तर विक्रेते दोन असोत वा दहा, त्या शुल्काखाली कोणालाच उतरता आले नसते आणि अनन्यता मोडूनही मक्तेदारीची किंमत वरून तशीच झिरपत राहिली असती. म्हणून केवळ ‘हक्क अनन्य नसावेत’ एवढी मागणी अपुरी आहे. हक्क किमान दोन स्वतंत्र विक्रेत्यांना आणि ठोक रकमेवर दिले गेले पाहिजेत, आणि हंगाम सुरू असताना त्या विक्रेत्यांना परस्परांत विलीन होऊ देताना नियामकाने हात आखडता घेतला पाहिजे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की अनन्यता नसेल तर कोणी बोलीच लावणार नाही. बोली कमी लागेल हे खरे आहे, आणि ते मी लपवत नाही. पण न लागण्याचे कारण दिसत नाही. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा लॉर्ड्सवरील अंतिम सामना स्कायने चॅनल फोर या मोफत वाहिनीलाही दाखवू दिला, कारण इंग्लंडचा संघ तिथवर पोहोचला होता. त्याने स्कायचे दिवाळे निघाले नाही. त्याआधी इंग्लंडमधील कसोटी सामने मोफत दूरचित्रवाणीवर अखेरचे दिसले ते २००५ च्या गाजलेल्या ॲशेस मालिकेत. पुढच्या वर्षीपासून ते वर्गणीच्या पडद्याआड गेले, आणि मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना एका पिढीला तो खेळ वर्गणीवाचून पाहता येईनासा झाला. खेळाच्या संघटनेला पैसे मिळाले, पण भावी प्रेक्षक घडवण्याची सर्वांत स्वस्त सोय तिने विकून टाकली. हा हिशेब ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो नाहीच असे नाही.

राष्ट्रीय महत्त्वाच्या स्पर्धा मोफत वाहिनीवर राखून ठेवणारे कायदे ब्रिटनमध्ये १९९६ पासून, भारतात २००७ पासून आणि ऑस्ट्रेलियात १९९२ पासून आहेत, आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये स्ट्रीमिंग सेवांनाही त्या कक्षेत आणले. हे कायदे हवेत. परंतु ते मुख्यतः अंतिम सामन्यांचे आणि विश्वचषकांचे रक्षण करतात. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या साखळीचा चाहता बहुतेक ठिकाणी त्यांच्या छत्राखाली येत नाही, आणि वर्गणीचा खरा भार त्याच्यावर आहे.

सीमांची गोष्टही अशीच अर्धवट राहिली आहे. इंग्लंडच्या पोर्ट्समथमधील एका पबमध्ये ग्रीक वाहिनीच्या डीकोडर कार्डावर प्रीमियर लीगचे सामने दाखवले जात. त्यावरून पबचालक मर्फी यांच्यावर झालेला खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये न्यायालयाने ठरवले की एका सदस्य देशातले कार्ड दुसऱ्यात वापरण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. एकच सामना, एकच कॅमेरा, दोन देशांत दोन किमती, या व्यवस्थेला तो मोठा धक्का होता. पण सामना नव्हे तरी लीगचे बोधचिन्ह, गीत आणि चित्रफिती यांवर स्वामित्वहक्क राहतो, अशी वाटही त्याच निकालाने मोकळी ठेवली, आणि २०१८ मध्ये ग्राहकांना देशानुसार अडवण्याविरुद्धचा युरोपीय नियम आला तेव्हा दृक्‌श्राव्य सेवा त्यातून वगळण्यात आल्या.

नियामकांनी उतारे शोधलेच नाहीत असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ब्रिटनच्या ऑफकॉम या प्रसारण-नियामक संस्थेने २००७ मध्ये चौकशी सुरू केली आणि मार्च २०१० मध्ये स्कायवर बंधन घातले की स्काय स्पोर्ट्सच्या पहिल्या दोन वाहिन्या प्रतिस्पर्धी वितरकांना ठरवून दिलेल्या घाऊक दराने द्याव्यात. मला हा उपाय संच मोडण्यापेक्षा कितीतरी शहाणपणाचा वाटतो, कारण त्याने सामने विखुरले नाहीत, विक्रेते वाढवले. पण २०१२ मध्ये अपील लवादाने तो फिरवला, २०१४ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण पुन्हा लवादाकडे पाठवले आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये बाजार बदलल्याचे सांगून ऑफकॉमनेच तो मागे घेतला. आठ वर्षांत हक्कांचे तीन लिलाव उरकले होते. हक्कांचे करार तीन वर्षांचे आणि त्यांवरचे दावे आठ वर्षांचे असतील, तर नियम लिलावानंतर लादण्यात अर्थ नाही. तो निविदेच्या कागदातच असला पाहिजे.

विक्रेता एकच ठेवायचा असेल तर तो लीगनेच व्हावे, हा पर्यायही विचारात घेण्याजोगा आहे. फ्रान्समध्ये मीडियाप्रो या कंपनीने वर्षाला सुमारे ७८ कोटी युरोंची बोली लावून लीग-१ या तिथल्या अव्वल फुटबॉल साखळीचे हक्क घेतले आणि २०२० च्या अखेरीस ती हप्तेही भरू शकली नाही. त्यानंतर बहुतेक सामने ॲमेझॉनला वर्षाला २५ कोटी युरोंत मिळाले. त्यापुढचा करारही मुदतीआधीच विस्कटल्यावर लीगने २०२५ मध्ये स्वतःचीच वाहिनी काढून ग्राहकांना थेट विक्री सुरू केली. ही मक्तेदारीच आहे, यात शंका नाही. पण कूर्नोच्या हिशेबाने ती तांबे आणि जस्त एकाच हातात असण्याची मक्तेदारी आहे, आणि हक्क विकणाऱ्याच्या व वर्गणी घेणाऱ्याच्या नफ्याचे दोन थर तिथे एकावर एक चढत नाहीत. अशा व्यवस्थेत एका संघापुरती वर्गणी, एका सामन्यापुरते शुल्क आणि हंगाम संपताच संपणारा करार यांची सक्ती करणेही सोपे जाते, कारण जबाबदार पक्ष एकच असतो आणि तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही.

प्रीमियर लीगने २०२३ मध्ये २०२५ पासूनच्या चार हंगामांचे हक्क ६७० कोटी पौंडांना विकले. हंगामाला २७० पर्यंत थेट सामने दिसणार आहेत, पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक. तरीही ते पुन्हा दोन कंपन्यांमध्ये वाटलेले आहेत, यांचे वेगळे आणि त्यांचे वेगळे, आणि एकही थेट सामना दोघांकडे मिळून नाही. हे करार २०२९ मध्ये संपतील. त्याआधी निघणाऱ्या निविदेत संच पाच असावेत की सात यावर पुन्हा खल होईल. सातपैकी एक संच, अगदी छोटा का होईना, एकाच वेळी दोघांना ठोक रकमेवर विकण्याची अट नियामकाने त्या निविदेत घालून पाहावी. चार हंगामांत वर्गणी आणि बोली या दोन्हींचे काय होते हे त्या एका संचावरून मोजता येईल, आणि बिघडलेच तर बाकीचे सहा संच जुन्या पद्धतीने चालू असतील.